हिप्पोकॅम्पसचे येणे-जाणे

मेंदूविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात हिप्पोकॅम्पसची ओळख बहुधा एका वाक्यात आटोपते: हे स्मृतीचे केंद्र आहे. वाक्य चुकीचे म्हणता येत नाही, पण ते ज्या समजुतीला जन्म देते ती चुकीची आहे. केंद्र म्हटले की वाचकाच्या मनात एक जागा उभी राहते, तिथे आठवणी साठवल्या जातात, आणि त्या जागेला इजा झाली की साठा संपतो. मग त्या जागेच्या भोवतीचा पांढरा भाग, म्हणजे मायलिनचे आवरण असलेल्या अक्षतंतूंचे जुडगे, केवळ भराव ठरतो. शरीरशास्त्राच्या पुस्तकांतही अनेकदा करड्या भागाला प्रकरण मिळते आणि पांढऱ्या भागाला परिच्छेद. या प्रस्तावनेचे म्हणणे उलट आहे. हिप्पोकॅम्पस काय करतो हे त्याच्यात काय येते, त्यातून काय बाहेर जाते आणि कोणत्या क्रमाने, यावरून ठरते. इतकेच नव्हे, हिप्पोकॅम्पस गेल्याने स्मृती गेली असे सांगण्यासाठी जो पुरावा गेली सत्तर वर्षे दिला जातो, त्याचा बराच मोठा हिस्सा नीट पाहिला तर तुटलेल्या मार्गांचा पुरावा आहे. म्हणून या विषयात शिरायचे असेल तर सुरुवात पांढऱ्या भागापासून करावी, असे मला ठामपणे वाटते.

आधी रचना. टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला, पार्श्वनिलयाच्या खालच्या शिंगाच्या तळाशी, चार-पाच सेंटिमीटर लांबीचा एक वळलेला उंचवटा दिसतो. बोलोन्याच्या जुलिओ चेझारे अरान्झीने सोळाव्या शतकात त्याला समुद्रघोड्याचे नाव दिले. आडवा काप घेतला की कॉर्टेक्सच्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या दिसतात: एक डेंटेट जायरस, दुसरी अमोनचे शिंग. या दुसऱ्या पट्टीचे राफाएल लोरेंते दे नो याने १९३४ मध्ये सीए-१ ते सीए-४ असे भाग पाडले आणि आजही तीच नावे चालतात. सीए-१च्या पुढे सबिक्युलम, त्याच्या पुढे एंटोरायनल कॉर्टेक्स. निलयाच्या बाजूने पाहिले तर या उंचवट्यावर पांढऱ्या तंतूंचा एक पातळ थर पसरलेला असतो, तो अल्व्हियस. अल्व्हियसमधले तंतू एका कडेला गोळा होऊन लुगड्याच्या काठासारखी एक पट्टी तयार होते, ती फिंब्रिया. फिंब्रिया मागे जाते, थॅलॅमसच्या मागच्या टोकावरून वर वळते, कॉर्पस कॅलोसमच्या खालून दुसऱ्या बाजूच्या जोडीदाराशेजारी पुढे सरकते आणि शेवटी खाली वाकते. या कमानीचे नाव फॉर्निक्स. माणसात प्रत्येक बाजूच्या फॉर्निक्समध्ये दहा लाखांच्या आसपास तंतू असतात, म्हणजे डोळ्यातून निघणाऱ्या दृष्टिचेतेत जितके, साधारण तितकेच. दृष्टिचेता तुटली तर डोळा शाबूत असूनही माणूस आंधळा होतो हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. फॉर्निक्सच्या बाबतीत तीच गोष्ट पटवण्यासाठी शतकभर वाद घालावा लागला.

आत येण्याची मुख्य वाट वेगळी आहे आणि तिचे आकलन जास्त अवघड, कारण ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कॉर्टेक्सच्या दूरदूरच्या भागांतून आलेली माहिती एंटोरायनल कॉर्टेक्सपाशी गोळा होते. तिथल्या दुसऱ्या थरातल्या पेशींचे तंतू सबिक्युलमला भोक पाडून, हिप्पोकॅम्पसची खाच ओलांडून डेंटेट जायरसपर्यंत पोचतात. हाच परफोरंट मार्ग. डेंटेटच्या पेशी आपले मॉसी तंतू सीए-३कडे पाठवतात, सीए-३च्या पेशी सीए-१कडे, ज्या शाखांना हंगेरीच्या कारोली शाफरचे नाव आहे, सीए-१ सबिक्युलमकडे, आणि सीए-१ व सबिक्युलम दोन्ही एंटोरायनल कॉर्टेक्सच्या खोल थरांकडे परत. तिसऱ्या थरातल्या पेशी मात्र डेंटेटला वगळून थेट सीए-१ गाठतात. म्हणजे एकच बातमी सीए-१पाशी दोन वाटांनी येते, एक सरळ आणि एक मध्ये दोन ठिकाणी थांबून. सांतियागो रामोन इ काखालने हे पुष्कळसे गोल्जीच्या काळ्या रंगाने रंगवलेल्या कापांवरून ताडले आणि आपल्या आकृत्यांत प्रवाहाची दिशा दाखवणारे बाण काढले. ज्याच्या रंगाने हे दिसले तो कामिलो गोल्जी मात्र सगळे तंतू एका अखंड जाळ्यात मिसळतात या मतावर ठाम राहिला, आणि १९०६ चे नोबेल दोघांना एकत्र मिळाले. पुढे १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लॉमो यांनी सशाच्या परफोरंट मार्गाला विजेचे वेगवान झटके दिले तेव्हा डेंटेटमधला प्रतिसाद वाढला आणि कित्येक तास वाढलेलाच राहिला. शिकण्याने पेशींतले दुवे बळकट होतात या कल्पनेचा आज सर्वांत जास्त दिला जाणारा प्रयोगसिद्ध दाखला एका पांढऱ्या मार्गावर मिळालेला आहे, हे विसरू नये.

बाहेर जाण्याच्या वाटेबद्दल एक गैरसमज फार काळ टिकला. फॉर्निक्स म्हणजे हिप्पोकॅम्पसमधून मॅमिलरी पिंडांकडे जाणारा एकेरी रस्ता, अशी समजूत होती. लॅरी स्वॉन्सन आणि मॅक्सवेल कॉवन यांनी १९७५ मध्ये उंदरावर तंतूंचा माग काढणाऱ्या नव्या पद्धती वापरून दाखवले की मॅमिलरी पिंडांकडे जाणारे तंतू अमोनच्या शिंगातून निघतच नाहीत, ते सबिक्युलमच्या भागातून निघतात. अमोनच्या शिंगातले तंतू प्रामुख्याने सेप्टमकडे जातात. पुढच्या टोकाला फॉर्निक्सचे तंतू अँटीरियर कमिशरच्या पुढे व मागे असे विभागले जातात: पुढची फांदी सेप्टम आणि आसपासच्या भागांकडे, मागची मॅमिलरी पिंडांकडे व थॅलॅमसच्या पुढच्या केंद्रकांकडे. शिवाय हा रस्ता दुहेरी आहे. सेप्टममधून ॲसिटिलकोलीन वापरणारे तंतू याच वाटेने उलट दिशेने हिप्पोकॅम्पसमध्ये येतात. तो संबंध तोडला की उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधली थीटा लय मावळते. म्हणजे फॉर्निक्स कापला तर निर्यात थांबते तशी आयातही थांबते, आणि रुग्णात जे बिघडले ते नेमके कशामुळे हे सांगणे कठीण होते. मॅमिलरी पिंडांपासून थॅलॅमसकडे जाणारा मार्ग विक दाझीरने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवला होता. सिंग्युलमचा पट्टा कॉर्पस कॅलोसमच्या वरून जाऊन मागे वळतो आणि टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला उतरतो. दोन्ही हिप्पोकॅम्पसना जोडणारा पूल माणसात प्राण्यांच्या मानाने लहान आहे. त्यावर इथे रेंगाळण्याचे कारण नाही.

आता पुराव्याकडे. हिप्पोकॅम्पस आणि स्मृती यांची गाठ ज्या रुग्णाने बांधली तो एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखला गेला. मृत्यूनंतर त्याचे नाव हेन्री मोलेझन हे जाहीर झाले. अपस्मारासाठी १९५३ मध्ये विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या दोन्ही टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला, आणि त्यानंतर नवे प्रसंग त्याच्या आठवणीत टिकेनासे झाले. स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांचा १९५७ चा निबंध शीर्षकापासूनच दोष हिप्पोकॅम्पसवर ठेवतो. पण काढलेला भाग आठ सेंटिमीटर लांबीचा होता हा शल्यविशारदाचा अंदाज होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआरआय चित्रांत तो सुमारे पाच सेंटिमीटर भरला. मागचा हिप्पोकॅम्पस जागेवर होता. रुग्णाच्या मृत्यूनंतर, २००९ च्या अखेरीस, सॅन दिएगोत त्याच्या मेंदूचे २,४०१ काप घेतले गेले, आणि २०१४ मध्ये आलेल्या वर्णनाने तेच पक्के केले: हिप्पोकॅम्पसचा बराच भाग शिल्लक होता, एंटोरायनल कॉर्टेक्स मात्र जवळजवळ पूर्ण गेले होते. शिवाय मॅमिलरी पिंड आक्रसलेले होते, जिथे शल्यविशारदाचे हत्यार पोचलेच नव्हते. हे तिन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर जगातल्या सर्वांत प्रसिद्ध हिप्पोकॅम्पस-रुग्णाचे चित्र बदलते. शिल्लक राहिलेल्या ऊतीकडे आत येणारी वाट बंद झाली होती आणि पलीकडचा मुक्काम सुकला होता.

हेच रोग कसे करतो, ते १९८४ मध्ये ब्रॅडली हायमन, गॅरी व्हॅन होसेन, अँटोनियो दमासिओ आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या मेंदूंत दाखवले. या रोगात इजा सरसकट होत नाही. एंटोरायनल कॉर्टेक्सच्या दुसऱ्या थरातल्या पेशी, म्हणजे परफोरंट मार्गाचे उगम, आणि सबिक्युलम-सीए-१मधल्या पेशी, म्हणजे निर्गमाचे उगम, निवडून मरतात. मधला भाग तुलनेने वाचतो. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटले आहे की हा रोग हिप्पोकॅम्पसला एकटे पाडतो. १९९६ मध्ये गोमेझ-इस्ला आणि सहकाऱ्यांनी पेशी मोजल्या तेव्हा अगदी सौम्य लक्षणे असलेल्या रुग्णांतही दुसऱ्या थरातल्या सुमारे ६० टक्के पेशी गेलेल्या आढळल्या. घरातल्या वृद्ध माणसाला सकाळचे बोलणे दुपारी आठवत नाही, तेव्हा त्याच्या टेम्पोरल लोबमध्ये बहुधा हेच घडत असते. त्याला ‘हिप्पोकॅम्पस झिजतो आहे’ एवढेच म्हणणे फार ढोबळ आहे. जे आधी जाते ते त्याच्यापर्यंत पोचणे.

या युक्तिवादावरचा सर्वांत जुना आक्षेप फॉर्निक्सविषयी आहे आणि तो गंभीर आहे. १९५०च्या दशकात अपस्मारासाठी आणि तिसऱ्या निलयातल्या गाठी काढण्यासाठी काही शल्यविशारदांनी फॉर्निक्स कापला, आणि रुग्णांची स्मृती ठीक असल्याचे नोंदवले. मार्ग इतका महत्त्वाचा असेल तर तो कापून काहीच कसे झाले नाही? याचे उत्तर तपासण्यांत आहे. त्या नोंदींत स्मृतीची चाचणी फार वरवरची होती. रुग्ण बोलतो, माणसे ओळखतो, नेहमीची कामे करतो, म्हणजे स्मृती शाबूत, असे धरले गेले. शिवाय कापलेला भाग खरोखर दोन्ही बाजूंचा पूर्ण फॉर्निक्स होता का, हे पाहायला त्या काळी साधन नव्हते. जॉन ॲगल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कोलॉइड सिस्टच्या रुग्णांचा नीट अभ्यास केला. ही गाठ निर्धोक असते, पण ती नेमकी फॉर्निक्सच्या खांबांच्या मागे, मनरोच्या छिद्रापाशी बसते, त्यामुळे गाठीमुळे किंवा शस्त्रक्रियेमुळे फॉर्निक्सला धक्का लागतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८ रुग्णांच्या अभ्यासात मॅमिलरी पिंड जितके लहान, तितके स्वतःहून आठवून सांगणे कमजोर; पाहिलेली गोष्ट समोर आल्यावर ओळखणे मात्र फारसे बिघडले नव्हते. जुने शल्यविशारद खोटे बोलत नव्हते. ते ओळखणे पाहत होते, आणि बिघडले होते ते आठवणे. हा फरक आमच्या दवाखान्यांतल्या साध्या तपासण्यांतही अजून पुरेसा उतरलेला नाही, याचे मला वाईट वाटते.

दुसरा आक्षेप विरुद्ध टोकाचा आहे आणि तो माझ्या बाजूनेच बोलत असल्यासारखा दिसतो, म्हणून अधिक सावध राहायला हवे. १९७८ मध्ये जेम्स होरेल यांनी सुचवले की एच. एम. सारख्या शस्त्रक्रियेत हिप्पोकॅम्पसचा दोष मुळीच नाही. त्याच्या वर असलेला टेम्पोरल स्टेम, म्हणजे टेम्पोरल कॉर्टेक्सला बाकीच्या मेंदूशी जोडणारा पांढरा पट्टा, तुटल्याने स्मृती गेली असावी. ही कल्पना मोहक होती आणि टिकली नाही. झोला-मॉर्गन, स्क्वायर आणि मिश्किन यांनी १९८२ मध्ये माकडांत टेम्पोरल स्टेम वेगळा कापला. त्या माकडांना काही वेळापूर्वी पाहिलेली वस्तू लक्षात ठेवणे जमत होते, नमुने वेगळे करणे शिकायला जमत नव्हते. हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला काढलेल्या माकडांचे नेमके उलट. नंतर १९८६ मध्ये आर. बी. या रुग्णाचा अहवाल आला. रक्तपुरवठा तात्पुरता खंडित झाल्याने त्याच्या दोन्ही बाजूंचा सीए-१चा पट्टा पूर्ण लांबीत नष्ट झाला होता. टेम्पोरल स्टेम व फॉर्निक्स जागेवर होते, तरी नवे लक्षात राहत नव्हते. म्हणून पांढरा भाग म्हणजे सर्वकाही, असे मी म्हणत नाही. पण आर. बी. च्या मेंदूचा अर्थ लावायलाही मार्गांचाच आराखडा लागतो. सीए-३ ते सेप्टम ही वाट चालू असताना सीए-१ गेले, म्हणजे कॉर्टेक्सकडे परत जाणारे दार बंद झाले. करड्या भागातली इजा किती घातक हे तिच्या आकारमानावरून सांगता येत नाही. ती वर्तुळाच्या कोणत्या ठिकाणी झाली यावरून सांगता येते.

पण वर्तुळ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. जेम्स पापेझ यांनी १९३७ मध्ये हिप्पोकॅम्पस, फॉर्निक्स, मॅमिलरी पिंड, थॅलॅमसचे पुढचे केंद्रक, सिंग्युलम आणि पुन्हा हिप्पोकॅम्पस अशी साखळी मांडली, तीही भावनांसाठी, स्मृतीसाठी नव्हे. आज ती पाठ्यपुस्तकांत स्मृतीचे वर्तुळ म्हणून छापली जाते. एखादे टपाल एका दिशेने फिरते आणि एक मुक्काम गेला की सगळे बंद पडते, अशी ती वाचली जाते. सेरालिन व्हॅन यांनी २०१३ मध्ये उंदरांत फॉर्निक्सची मॅमिलरी पिंडांकडे उतरणारी फांदीच तेवढी कापली, तेव्हा स्मृतीत फारसा फरक पडला नाही. मॅमिलरी पिंडांपासून थॅलॅमसकडे जाणारा मार्ग कापला तर पडला. म्हणजे मॅमिलरी पिंडांचे महत्त्व फक्त हिप्पोकॅम्पसचा निरोप पुढे नेण्यात नाही. ब्रेनस्टेममधल्या गुडनच्या केंद्रकांकडून त्यांना जे मिळते तेही तितकेच मोलाचे असावे. बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने, बहुतेकदा दीर्घ मद्यपानातून, होणाऱ्या कोर्साकॉव्हच्या विकारात हिप्पोकॅम्पस बराच शाबूत असूनही माणूस नवे लक्षात ठेवू शकत नाही, याचा अर्थही यामुळे जरा नीट लागतो. पापेझचे वर्तुळ मोडले म्हणून मार्गांचा विचार मोडत नाही. उलट वर्तुळ चुकीचे आहे हे कळले ते एकेक मार्ग वेगळा करून पाहिल्यामुळेच.

उरतो पद्धतीचा प्रश्न. आज जिवंत माणसातले पांढरे मार्ग रंगीत धाग्यांसारखे दाखवणारी चित्रे सर्वत्र दिसतात. पीटर बासर, जेम्स मॅटिएलो आणि डेनिस ले बिहान यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर ती उभी आहेत: पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीच्या दिशेने अधिक सहज सरकतात, यावरून तंतूची दिशा ताडायची. या चित्रांवर आंधळा विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. २०१७ मध्ये अनेक गटांच्या निकालांची तुलना झाली तेव्हा खऱ्या जुडग्यांसोबत न असलेली जुडगीही मोठ्या संख्येने निघाली. हिप्पोकॅम्पसभोवती अडचण दुप्पट: फॉर्निक्स बारीक आहे आणि त्याला सर्व बाजूंनी मेंदूजलाचा वेढा आहे, त्यामुळे एकाच ठिपक्यात तंतू आणि पाणी मिसळतात, आणि पाण्याचे सरकणे निरोप कुठून कुठे जातो हे सांगत नाही, त्यामुळे सेप्टमकडून येणारे आणि सेप्टमकडे जाणारे तंतू तिथे एकच दिसतात. म्हणून या चित्रांवरून काढलेला कोणताही निष्कर्ष माकडातल्या तंतूंच्या मागाशी आणि मृत मानवी मेंदूच्या कापांशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. परफोरंट मार्ग माणसात प्रत्यक्ष पाहण्याचे काम पातळ कापांवर ध्रुवित प्रकाश टाकून झाले आहे, आणि मला तो पुरावा अधिक भरवशाचा वाटतो.

टोरोंटोत २००८ मध्ये स्थूलतेसाठी हायपोथॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड बसवलेल्या एका रुग्णाला विजेचा प्रवाह चालू होताच जुने प्रसंग अत्यंत स्पष्टपणे आठवू लागले. इलेक्ट्रोड फॉर्निक्सच्या लगत होते. त्यातून अल्झायमरच्या रुग्णांत फॉर्निक्स उत्तेजित करण्याचे प्रयोग सुरू झाले. आधी सहा रुग्ण, मग ४२. २०१६ च्या अहवालात बारा महिन्यांनी मुख्य मोजमापांत फरक आढळला नाही, आणि ६५ वर्षांखालच्या रुग्णांची स्थिती कदाचित बिघडली असावी असे दिसले. या निकालाने अनेकांची निराशा झाली. पण हायमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला आराखडा समोर ठेवला तर एक शंका आधीच घेता आली असती: ज्या मेंदूत परफोरंट मार्गाचे उगम मेले आहेत, तिथे बाहेरच्या वाटेला वीज देऊन आत येण्याची वाट कशी उघडेल? फॉर्निक्स दुहेरी असल्याने ॲसिटिलकोलीनचा पुरवठा वाढेल ही आशा निराधार नव्हती, मात्र ती वेगळी आशा आहे आणि तिची चाचणीही वेगळी हवी.

हा विषय आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत कसा शिकवला जावा, याविषयी एक सूचना करणे मला आवश्यक वाटते. मधोमध कापलेल्या मेंदूवर फॉर्निक्सची कमान बोटाने दाखवून विद्यार्थी पुढे सरकतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या योसेफ क्लिंगलर यांनी १९३०च्या दशकात एक साधी पद्धत विकसित केली: फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला मेंदू कित्येक दिवस गोठवून ठेवायचा. बर्फाचे स्फटिक तंतूंच्या मध्ये पसरतात आणि जुडगी एकमेकांपासून सुटी होतात. मग मेंदू वितळू देऊन लाकडी पट्टीने थर सोलत जायचे. यासाठी गोठवणयंत्र, पट्टी, चिकाटी आणि शिकवणारा लागतो, याहून महागडे काही नाही. पार्श्वनिलयाचे खालचे शिंग उघडून अल्व्हियसपासून फिंब्रिया, तिथून फॉर्निक्सची संपूर्ण कमान आणि पुढे मॅमिलरी पिंड व थॅलॅमसकडचा मार्ग विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने सोडवत नेता येतो. मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्याला टेम्पोरल स्टेममधून हिप्पोकॅम्पसकडे जाताना दृष्टीचे तंतू कुठे वळतात, किंवा कोलॉइड सिस्ट काढताना फॉर्निक्सचे खांब किती जवळ आहेत, हे अशा सोलण्यातून जितके कळते तितके आकृतीतून कळत नाही. परफोरंट मार्ग मात्र या पद्धतीने हाती लागत नाही, कारण त्याचे तंतू सबिक्युलममधून विखरून जातात. तिथे सूक्ष्मदर्शकाखालचे पातळ कापच पाहावे लागतात.